विनातिकीट प्रवाशाचं टीसीला पत्र

श्री. ख्रिश्चन गिसलर यांस,


पत्र तुमच्याकडे स्वित्झर्लंडला चाललंय, लिहितोय मी आयर्लंडमधल्या कॉर्कहून, आणि आपली ओळख झाली सांगलीत. २००१ साली कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत फाइली हाताळायचा तुमचा प्रोग्रॅम, विंडोज कमांडर, पहिल्यांदा पाहिला. कॅफेचा मालक माऊसला हातही न लावता फ्लॉप्यांवरच्या फाइली भराभर उतरवून घ्यायचा. टॅब दाबला की डाव्या कप्प्यातून उजव्यात, एफ५ म्हणजे कॉपी, एफ६ म्हणजे हलवा, एफ८ म्हणजे उडवा. हे आकडे मुळात जॉन सोचा यांच्या १९८६ सालच्या नॉर्टन कमांडरमधले, हे मला फार नंतर कळलं. 'विंडोज' या नावावर मायक्रोसॉफ्टने हक्क सांगितला आणि २००२ साली तुमचा कमांडर 'टोटल' झाला. आमच्या तोंडी टीसी.

टीसी म्हणजे आमच्याकडे रेल्वेतला तिकीट तपासनीस. परवाना न घेता तुमचा प्रोग्रॅम उघडला की आधी एक छोटी खिडकी येते आणि १, २, ३ पैकी सांगेल तो आकडा दाबायला लावते. मी वीसेक वर्षं तो आकडा दाबत आलो. तुमचा टीसी रोज तिकीट विचारायचा आणि रोज विनातिकीट बसू द्यायचा. त्याची लाज वाटायला मला कॉर्कला यावं लागलं.

इथे नोकरीत हाती मॅक आला. १९८० पासून ॲपलचं बस्तान असलेली हॉलीहिलची टेकडी माझ्या घरापासून दूर नाही, तेव्हा गाऱ्हाणं शेजारीच मांडावं असं कुणी म्हणेल. पण गाऱ्हाणं असं नाहीच. मॅकवर फाइली हाताळणारा फाइंडर वाईट नाही, त्याची रीत निराळी आहे. एंटर दाबला तर फाइल उघडत नाही, तिचं नाव बदलायला घेतो. फाइल हलवायची तर आधी कॉपी करायची आणि चिकटवताना ऑप्शनचं बटण जोडीला घ्यायचं. कळतं सगळं, पण बोटांना कोण समजावणार? दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा करताना साखरेचा डबा शोधावा, तसं दिवसभर चालतं.

टीसीची खरी आठवण आली ती गणपतीत. इथल्या मराठी घरांतले फोटो जमवून नीट लावायचं काम माझ्याकडे आलं. सातआठ फोनांवरचे बाराएकशे फोटो, नावं आयएमजी अमुक, डीएससी तमुक. टीसीत कंट्रोल आणि एम दाबलं असतं, तारीख, गाव, अनुक्रमांक असा साचा दिला असता, नवी नावं आधी डोळ्यांखालून घातली असती आणि चहा निवायच्या आत मोकळा झालो असतो. मी दोन रात्री जागलो. मॅकवरही एकगठ्ठा नावं बदलता येतात, पण माझा साचा तिथे बसेना.

नावं मराठीत हवी होती, ही आणखी एक गंमत. तुमच्या ७.५ आवृत्तीपर्यंत, म्हणजे २००९ पर्यंत, टीसीत देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसायची. पण मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर वेगळीच मौज. 'शॅन्डनच्या मनोऱ्यापाशी' या नावातला ऱ ती डिस्क साधा र आणि खालचा नुक्ता असा फोडून ठेवते. विंडोजची डिस्क असं काही करत नाही, दिलेलं नाव जसंच्या तसं ठेवते. त्यामुळे दोन्हीकडून आलेल्या फाइली तिथे एकाच फोल्डरमध्ये, डोळ्यांना अगदी एकाच नावाच्या, सुखाने नांदू शकतात. कॉर्कमधल्या शॅन्डनच्या त्या मनोऱ्यावर चार दिशांना चार घड्याळं आहेत. त्यांच्या वेळा एकमेकींशी जुळत नसत, म्हणून कॉर्ककर त्याला चार तोंडांचा लबाड म्हणतात. अशा वेळी दोन बाजू शेजारीशेजारी मांडून कुठे काय वेगळं आहे ते दाखवणारं कुणीतरी हाताशी लागतं. तुमचं हे काम मला सगळ्यात प्रिय.

तर मागणी अशी की टोटल कमांडर मॅकवर आणा. हे सोपं आहे असं मी म्हणत नाही. डेल्फीत लिहिलेला, विंडोजच्या हाडामांसाशी जोडलेला हा प्रोग्रॅम उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही, एवढं मलाही कळतं. पण तुम्ही अँड्रॉइडवर गेलातच. शिवाय २०१२ सालची ६४ बिटची आवृत्ती तुम्ही लाझारस या प्रोग्रॅम बांधायच्या साधनात बांधलीत, आणि लाझारस मॅकसाठीही प्रोग्रॅम बांधतो. तुमच्याच वळणावर गेलेला डबल कमांडर लाझारसमध्येच लिहिलेला आहे आणि तो मॅकवर चालतो. सध्या तोच वापरतो. फुकट आहे, चांगला आहे, एफ५ला कॉपीही करतो. पण चुलतभाऊ तो चुलतभाऊ. हसतो तसाच, आवाज वेगळा.

गेल्या महिन्यात मी तुमचा परवाना विकत घेतला. घरात विंडोजचं एकही यंत्र नाही, तरी घेतला. एकदा घेतला की पुढच्या आवृत्त्या फुकट देता, म्हणून मॅकसाठी तो चालवून घ्या असं म्हणणार नाही. तिथलं तिकीट वेगळं काढीन. फक्त ती १, २, ३ची खिडकी तिथेही ठेवा. पैसे भरण्याआधी दोनचार दिवस मला ते आकडे दाबायचे आहेत.

आपला,
कॉर्कमधला एक जुना विनातिकीट प्रवासी