दोरा आणि वारा

आमच्या आईला मैलांचे कधीच काही वाटले नाही; तिचा सारा हिशेब तासांचा. परवा चकल्या पाडता पाडता तिने विचारले, "दिल्लीहून ताईच्या गावाला विमान किती तासांत जातं रे?" ताईचे गाव म्हणजे सान फ्रान्सिस्को.

मी पडलो मास्तर. एका शब्दात उत्तर दिले तर पेशाला बट्टा! चिरंजीवांचा पृथ्वीचा गोल आणला आणि आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा दोन्ही शहरांवर ताणून धरला. दोरा अटलांटिकवरूनही जाईना, पॅसिफिकवरूनही जाईना. सैबेरिया ओलांडून उत्तर ध्रुवाच्या कडेने तो पलीकडे उतरला. सर्वांत जवळची वाट ती हीच, सुमारे १२,४०० किलोमीटरांची.

"मग विमान असंच जातं?"

खरी मौज पुढेच आहे. एअर इंडियाचे हे विमान पूर्वी अटलांटिकवरून जाई. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटर. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी ते प्रथमच पॅसिफिकवरून नेले, म्हणजे सुमारे १५,३०० किलोमीटर. द्राविडी प्राणायामच म्हणायचा! पण विमान साडेचौदा तासांत पोहोचले. जुन्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. दहाबारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहत असतो. जुन्या वाटेने तो तोंडावर यायचा. नव्या वाटेने पाठीशी आला. शिवाय १६ तारखेच्या पहाटे निघालेले उतारू वाटेत तारखेची रेषा ओलांडताच १५ तारखेत गेले आणि उतरले ते पुन्हा १६ च्या सकाळी. (आमच्या हिने लगेच विचारले, "त्या दिवशी अभ्यंगस्नान असतं, तर दोनदा का?")

आईला मात्र तारखेचे कौतुक नव्हते. "आणि तिकडून इकडे यायला?"

"तेव्हा अटलांटिकवरून. वारा तोच, पुन्हा पाठीशीच."

"विमानाचं नाही विचारत. तिच्या दारातून आपल्या दारात."

मी बोटे मोजू लागलो. तिकीट मिळायला हवे, विमानतळावर तीन तास आधी पोहोचायला हवे, विमानात सोळाएक तास, मग दिल्लीला खोळंबा, पुण्याचे विमान, शेवटी रिक्षा. "सगळं जमून आलं, तर दीड दिवस."

"दीड दिवस," आई म्हणाली. "म्हणजे गणपतीएवढा." मग सोऱ्या खाली ठेवून म्हणाली, "ह्यांच्या वेळी सगळ्यांची घाई चालली होती. मी काही बोलले नाही. ताईला मुखदर्शनसुद्धा झालं नाही. माझ्या वेळी थांबा. दीडच दिवस."

मी गोल उगीचच फिरवत राहिलो. तिने माझ्या हातातला दोरा काढून घेतला, रिळाला गुंडाळून डब्यात ठेवला, आणि हात धुऊन पुन्हा सोऱ्यात पीठ भरू लागली.