पाच हॉटेलांतला खेळ

दिल्ली, मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टणम आणि कोची. २०१३ पासून २०१९ पर्यंत ‘इंडियन ओपन’ या नावाची व्यावसायिक स्नूकरची स्पर्धा भारतात पाच वेळा भरली, आणि पाचही वेळा निराळ्या शहरात भरली. एकाही शहराने तिला दुसऱ्यांदा बोलाविले नाही. तिनेही कोठे मागे वळून पाहिले नाही. तारांकित हॉटेलचे किंवा त्याला लागून असलेले संमेलनगृह काही दिवसांपुरते घ्यावयाचे, टेबले मांडावयाची, दिवे आणि कॅमेरे लावावयाचे, विजेत्याच्या हाती ५०,००० पौंडांचा, म्हणजे त्या त्या वेळच्या दराने चाळीस ते पन्नास लाख रुपयांचा, धनादेश ठेवावयाचा आणि बिऱ्हाड उचलावयाचे, असा तिचा रिवाज होता. कोचीत मॅथ्यू सेल्टने ल्यू हाओतियानला ५-३ असे हरविले आणि मालिका तेथेच आटोपली.

तिचा शोक करण्याचे काही कारण नाही. परंतु हिशेब मागण्याचे कारण आहे. ‘अशा स्पर्धा आल्या की खेळ वाढतो, तो महानगरांतून जिल्ह्यांत झिरपतो’ हा सिद्धांत गेली कित्येक वर्षे क्रीडामंत्र्यांच्या भाषणांतून आणि प्रायोजकांच्या पत्रकांतून ऐकविला जात आहे. नांदेड आणि लातूर ही या सिद्धांताची कसोटी घेण्यास योग्य गावे होत. पाच स्पर्धांपैकी एक याच राज्याच्या राजधानीत झाली. दुसरी हैदराबादेत झाली, जेथे नांदेडचा माणूस दवाखान्यासाठी, नोकरीसाठी आणि बाजारासाठी पिढ्यानपिढ्या जात आला आहे. मग नांदेडात काय झिरपले? लातुरात काय झिरपले?

या प्रश्नाला आपल्याच बाजूच्या कार्यकर्त्यांकडून एक ठराविक उत्तर मिळते : हा साहेबांचा आणि शेठजींचा खेळ, त्याच्याशी कष्टकऱ्यांचा संबंध काय? हे उत्तर ऐकावयास कडक वाटते, पण ते आळशीपणाचे आहे. स्नूकर हा खेळ विलायतेहून आलेला नाही. तो याच देशात, १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने पावसाळ्यातला रिकामा वेळ घालविण्यासाठी जुळविला, असा त्याचा रूढ इतिहास आहे. वेळ रिकामा होता तो अधिकाऱ्यांचा. टेबलावरचे चेंडू जागच्या जागी ठेवणारा, गुणांचा काटा सरकविणारा, कापड झाडणारा, क्यूच्या टोकाला खडू लावून देणारा आणि साहेबाला जोडीदार नसला तर त्याच्याशी खेळणारा जो ‘मार्कर’, त्याचा वेळ रिकामा नव्हता. तो पगारी नोकर होता. इंग्रज गेले, क्लब राहिले, क्लबांबरोबर मार्करही राहिला. ज्या हातांना दिवसाचे दहा-दहा तास टेबलाचा सहवास मिळे ते हात त्याचे. आणि ज्याला स्पर्धेच्या तक्त्यात जागा नसे तोही तोच. कारण ‘हौशी’ या शब्दाचा जुना क्रीडासंस्थांनी लावलेला अर्थ साधा होता : ज्याला खेळावर पोट भरावे लागत नाही तो. खेळ साहेबांचा होता असे म्हणणाऱ्याने या माणसाला खेळाबाहेर काढून साहेबांचेच काम केले आहे.

या हौशी व्यवस्थेतूनही काही मोठे खेळाडू निर्माण झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. कोणत्याही खेळातील वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मिळविणारे ते पहिले भारतीय. १९६४ मध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकले. मुंबईचे मायकेल फरेरा तीनदा जगज्जेते झाले, आणि १९८१ साली क्रिकेटपटूला पद्मभूषण मिळत असताना आपल्याला पद्मश्री कशी, असे विचारून त्यांनी ती पदवी नाकारली. (दोन वर्षांनी सरकारने त्यांना पद्मभूषण दिली, भांडल्याशिवाय सरकारचा हात सैल होत नाही, हे येथेही दिसले.) ओम अगरवाल १९८४ मध्ये डब्लिनला स्नूकरचे हौशी जगज्जेते झाले. मुंबईच्या यासिन मर्चंटने १९८९ मध्ये आशियाई स्पर्धा जिंकली. पुढच्या पिढीत पंकज अडवाणीने जगज्जेतेपदांची रासच घातली, आणि त्याची नोकरी कोठे? तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळात, म्हणजे सार्वजनिक क्षेत्रात. सार्वजनिक तेल कंपन्या नोकऱ्या देत राहिल्या म्हणून या देशात क्यू हाती धरणाऱ्यांची चूल पेटती राहिली. ज्या सार्वजनिक उद्योगांना ‘पांढरे हत्ती’ म्हणून विकावयास काढले जाते, त्यांनी हे काम मुकाट्याने केले. हॉटेलातल्या पाच स्पर्धांनी त्यांतले काय केले?

आता त्या स्पर्धांच्या आतला अर्थव्यवहार पाहावा, कारण झगमगाटामागे तो दडून राहतो. २०१० मध्ये बॅरी हर्न या प्रवर्तकाने व्यावसायिक स्नूकरचा ताबा घेतला आणि स्पर्धांची संख्या भराभर वाढविली. त्याच वर्षी ‘प्लेअर्स टूर चॅम्पियनशिप’ ही छोट्या स्पर्धांची मालिका सुरू झाली : लहान सामने, थोडी बक्षिसे, थोडे मानांकन, आणि आज इंग्लंड, उद्या जर्मनी, परवा चीन अशी अखंड पायपीट. २०१६ मध्ये ती मालिकाही गुंडाळली गेली. मुंबईच्या आदित्य मेहताने २०१४ मध्ये याच मालिकेतील फ्यूर्थच्या स्पर्धेत १४७ गुणांचा पूर्ण ब्रेक केला. व्यावसायिक स्पर्धेत हे साधणारा तो पहिला भारतीय. आदल्या वर्षी दिल्लीच्या ‘इंडियन ओपन’मध्ये तो अंतिम फेरीत पोचला होता आणि डिंग जुनहुईकडून ०-५ असा हरला होता. मानांकनाच्या स्पर्धेत एवढी मजल त्यापूर्वी कोणा भारतीयाने मारली नव्हती. कर्तृत्व मोठेच. परंतु त्या कर्तृत्वाच्या आजूबाजूला काय होते? व्यावसायिक खेळाडूंच्या यादीत १२८ नावे. प्रवास, निवास, नोंदणी बहुधा स्वतःच्या खिशातून. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला बहुतेक स्पर्धांत छदाम मिळत नसे. जिंकाल तर खाल; हरलात तर येण्याजाण्याचे भाडेही अंगावर.

याला व्यवसाय म्हणतात, पण मराठवाड्यातील माणूस याला लगेच ओळखील. हे उक्ते काम आहे. ऊसतोड कामगाराला टनावर मजुरी. फडातून जेवढा ऊस निघेल तेवढे पैसे. आजारपण, पाऊस, गाडी न येणे, सारे त्याच्याच नावावर. २०२२-२३ च्या हंगामात स्नूकरच्या चालकांनी प्रत्येक खेळाडूला वर्षाला २०,००० पौंडांची हमी देण्याचा प्रयोग केला; ही रक्कम पुढच्या बक्षिसांतून वळती व्हावयाची होती. नाव ‘हमी’, जात उचलीची! कोयत्याच्या उचलीहून ती एवढी बरी की कमाई कमी पडली तरी बाकी खेळाडूच्या डोक्यावर बसत नाही आणि मुकादम दारात उभा राहत नाही. पण जगातील निवडक १२८ खेळाडूंना किमान उत्पन्नाचा असा आधार द्यावा, हे सुचावयास चालकांना बारा वर्षे लागली. या काळात कितीजण कर्ज काढून टिकले आणि कितीजण सोडून गेले, याची जाहिरात कोणत्याही पडद्यावर झळकली नाही.

हैदराबादची स्पर्धा २०१६ च्या जुलैतली. त्या वर्षाची लातूरकरांना निराळी आठवण आहे. मांजरा धरण कोरडे पडले होते. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली, आणि पावसाळा सुरू झाल्यावरही ती काही काळ धावत होती. १३ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला, आणि सुस्थित वर्गाला आपले पाप फिटल्याचे समाधान मिळाले. मैदानावरच्या हिरवळीला किती लिटर पाणी जाते याचा दूरचित्रवाणीवर रोज हिशेब होत होता. त्याच जिल्ह्यात आणि त्याच खोऱ्यात उसाला किती पाणी गेले, कोणाच्या कारखान्यासाठी गेले, ते कोणी अडविले नाही, याचा हिशेब त्या आवाजात बुडाला. सामने गेले; त्यामुळे लातूरच्या नळाला थेंब आला नाही. खेळाला झोडपणे सोपे असते. कारखान्याच्या अध्यक्षाला नव्हे. म्हणून ‘दुष्काळात खेळ कसला?’ हा प्रश्न ऐकताच टाळ्या पिटणाऱ्या कार्यकर्त्यांनी, तो प्रश्न कोणाला वाचविण्यासाठी विचारला जात आहे, हे आधी पाहावे.

आणि खेळ तर चालूच आहे. शिकवणी वर्गांचा व्यवसाय जेथे जेथे फोफावला तेथे तेथे व्यापारी संकुलाच्या तळघरात दोन-चार टेबले मांडलेली असतात. नांदेड आणि लातूर या बाबतीत जगावेगळी नाहीत. ‘लातूर पॅटर्न’च्या नावाने शेतकऱ्यांची पोरे खोल्या करून राहतात, सकाळी सहापासून रात्रीपर्यंत प्रश्नपत्रिका सोडवितात. त्यांना मैदान कोणी दिले? उद्यान कोणी दिले? वाचनालयापलीकडे बसावयास जागा कोणी दिली? तासाच्या दराने भाडे मोजून एखादा मुलगा टेबलापाशी उभा राहिला, की तो ‘बिघडला’. चार मुले जमली की तो ‘अड्डा’. मग पोलीस येतात, चालकाला दम देतात, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येतात. वस्तुतः १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा केवळ कौशल्याच्या खेळाला आपल्या कक्षेबाहेर ठेवतो, हे कलम १३ मध्ये स्वच्छ लिहिले आहे. पैज लागत असेल तर पैजेला पकडावे, टेबलाला का? तेच टेबल जिमखान्यात असले म्हणजे ती परंपरा होते, तेथे मद्याचा परवानाही शोभून दिसतो. कायदा टेबलाच्या लांबी-रुंदीवरून ठरत नाही, टेबलाभोवती उभ्या असलेल्यांच्या बापाच्या उत्पन्नावरून ठरतो!

त्या तळघरातही मार्कर आहे. आता तो गुणांचा काटा सरकवीत नाही. मोबाइलवर वेळ लावतो, चेंडू रचतो, चहा आणतो, रात्री बाराला झाडून कुलूप लावतो. बहुधा खेड्यातून आलेला अठरा-वीस वर्षांचा पोरगा. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना बहुतेक तरतुदींतून मोकळे केले. दोन पोरांवर चालणारे तळघर त्यात अलगद सुटले. त्याच्या कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, जादा कामाचा मोबदला, सारे मालकाच्या मर्जीवर. जबलपूरच्या छावणीतला नोकर दीडशे वर्षांनंतर नांदेडात सापडतो, तो असा.

फिरत्या स्पर्धा वाईटच असतात काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. ‘महाराष्ट्र केसरी’सुद्धा फिरतीच स्पर्धा होय. १९६१ मध्ये ती औरंगाबादेत सुरू झाली आणि गावोगाव फिरत राहिली. १९६९ मध्ये ती लातूरला भरली आणि निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी गदा उचलली. पण ती स्पर्धा येण्यापूर्वी गावात तालीम होती, जत्रेतला हगामा होता, नारळापासून सुरू होऊन शेवटच्या मोठ्या इनामापर्यंत चढत जाणाऱ्या कुस्त्या होत्या, आणि पोराच्या दुधासाठी म्हैस राखणारा बाप होता. स्पर्धा गेल्यावरही हे सारे मागे राहत होते. ‘इंडियन ओपन’ येण्यापूर्वी त्या हॉटेलात काय होते आणि ती गेल्यावर काय राहिले? लग्नाचे स्वागतसमारंभ. पुण्याच्या टेनिसची कथा याहून फार निराळी नाही. चेन्नईहून आणलेली ‘महाराष्ट्र ओपन’ ही स्पर्धा २०१८ पासून राज्य शासनाच्या पाठबळाने पाच वेळा झाली आणि २०२३ नंतर बंद पडली. तिच्यासाठी उत्साहाने पुढे आलेले शासन तालुका क्रीडा संकुलाच्या वेळी मात्र निधीची चणचण सांगते. म्हणून पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पहाटे अंधारात हमरस्त्याच्या कडेने, ट्रकांच्या दिव्यांत धावतात.

तेव्हा नांदेडला किंवा लातूरला एखादी ‘ओपन’ मिळावी, अशी मागणी करणारी निवेदने पालकमंत्र्यांना देण्यात वेळ दवडू नये. मागावयाचे ते थोडे आणि कंटाळवाणे आहे. नांदेड-वाघाळा आणि लातूर या दोन्ही महापालिकांच्या इमारतींपैकी एकेक दालन. त्यात कुस्तीची गादी, कॅरमचे बोर्ड, टेबल टेनिस आणि दोन स्नूकरची टेबले. बारा फूट बाय सहा फुटांचे, दगडी पाट्यांचे हे टेबल महाग असते, काही लाखांचे. पण ते एकदा बसविले की पाटी वर्षानुवर्षे टिकते, बदलावे लागते ते कापड. शिकवणीच्या पोराला परवडेल असा तासाचा दर. मुलींसाठी राखलेली वेळ, तीही दुपारची भाकड वेळ नव्हे, संध्याकाळची. मैदान आधी की टेबल आधी, हा वाद घालणाऱ्यांनी घालावा. अंदाजपत्रकात दोहोंपैकी एकही नसताना तो वाद प्रशासनाच्याच सोयीचा आहे. आणि त्या दालनात नेमावयाचा मार्कर कंत्राटदाराकरवी नव्हे, महापालिकेच्या आस्थापनेवर, वेतनश्रेणीत. अंदाजपत्रक सभागृहापुढे येण्याआधी प्रभागाप्रभागांतून सह्या गोळा होतील तेव्हा मागणीपत्रातली पहिली ओळ याच पदाची असावी. टेबलांची संख्या तिच्या खाली.