वरचा मजला आणि सुनेची सही

आपल्या बेटावर कोणत्याही गावातून चक्कर मारा. कास्कावेल असो, बांबू असो की वाक्वा असो, एक दृश्य हमखास दिसते. सिमेंटचे घर, त्याचे सपाट छत आणि त्या छतातून वर आलेल्या लोखंडी सळया. परक्या पाहुण्याला वाटते, पैसे संपले म्हणून घर अर्धवट राहिले. आपल्याला ठाऊक असते की तसे काही नाही. मुलगा मोठा होईल, त्याचे लग्न होईल, तो वर एक मजला चढवील, ही आईबापांची आशा त्या सळयांच्या रूपाने उभी आहे. १९६० साली आलिक्स आणि कारोल ही दोन वादळे पाठोपाठ आली आणि गवताची नि पत्र्याची घरे उडून गेली. सिमेंटचे घर म्हणजे सुरक्षितता, हे आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात त्या वर्षापासून पक्के बसले. म्हणून या सळयांची आम्ही थट्टा करणार नाही. आज आम्हांला विचारायचे आहे ते एवढेच की, वरचा मजला चढतो तेव्हा तो कुणाच्या पैशाने चढतो आणि कागदावर कुणाचा होतो?

हा प्रश्न आमच्या मनात आला तो यंदाच्या गणेशचतुर्थीला. आरती झाली, मोदक वाटून झाले, आणि स्वयंपाकघराच्या पायरीवर आमच्या ओळखीची एक तरुण सून जरा टेकली. वय अठ्ठावीस, लग्नाला तीन वर्षे झालेली, एबेनमध्ये नोकरी. तिचा दिवस तिने सांगितला तो असा. पहाटे पाच वाजता उठायचे. दोघांचे डबे भरायचे, सासूबाईंच्या औषधाच्या गोळ्या काढून ठेवायच्या, दोरीवरचे कपडे पावसाचा रंग पाहून आत घ्यायचे. मग मेत्रो धरायची, रोझ हिलला बदलायची. संध्याकाळी परतताना भाजी आणि पाव घ्यायचा, आल्यावर भात, डाळ, ब्रेद आणि चटणी. जेवणे आटोपली की हिशेबाच्या परीक्षेचे पुस्तक उघडायचे. दोन पेपर राहिले आहेत. तासभर वाचून होते न होते तोच डोळे मिटतात.

“आणि पुढे काय?” आम्ही विचारले. तिने बोटे मोजली. एक, दोन पेपर संपवायचे. दोन, वरचा मजला पुरा करायचा. तीन, बाळ. “पण ताई, क्रम लागत नाही,” ती म्हणाली. “पेपर आधी म्हटले तर घर थांबते, घर आधी म्हटले तर बाळ थांबते, आणि बाळ आधी म्हटले तर सगळेच थांबते. लग्नात, बारशात, जिथे जावे तिथे बायका विचारतात, काय ग, काही बातमी? माझ्या पेपरांची बातमी मात्र कुणी विचारीत नाही.”

ती हसली, आम्हीही हसलो. मग सहज विचारले की मजल्याचा खर्च कसा चालला आहे. तिच्या पगारातले निम्म्याहून अधिक पैसे त्यात जातात. शेजारणींबरोबर ती सीट टाकते, तिची पाळी आली तेव्हा मिळालेल्या रकमेतून सिमेंट आणि खिडक्या आल्या. लग्नात माहेरून मिळालेल्या दोन बांगड्या मोडल्या, त्यातून स्नानघर झाले. स्लॅब ओतण्याच्या दिवशी, ज्याला आपण कुलाज म्हणतो, चाळीस माणसांचे जेवण तिने नि सासूबाईंनी मिळून रांधले. “आणि जमीन कुणाच्या नावावर?” “बाबांच्या.” सासऱ्यांना ती बाबा म्हणते. “मग वरच्या मजल्याचा काही कागद?” तिने आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही देवघरात चपला घालून आलो.

वाचक बंधुभगिनींनो, येथेच आमचे म्हणणे सुरू होते.

आपला दिवाणी कायदा मूळ फ्रेंच कायद्यावरून आलेला. त्यात एक जुनी, साधी गोष्ट आहे. जमीन ज्याची, तिच्यावरील बांधकामही त्याचे समजले जाते, निराळा दस्तऐवज नसेल तर. विटा कुणी आणल्या, बांगड्या कुणी मोडल्या, हे जमिनीला कळत नाही. नगरपालिकेने किंवा जिल्हा परिषदेने दिलेला बांधकामाचा परवाना म्हणजे मालकीचा कागद नव्हे. तो फक्त बांधू देतो. वीज नि पाण्याची बिले सुनेच्या नावावर आली म्हणूनही घर तिचे होत नाही.

आता पुढचे पाहा. सासरे देवाघरी गेले की जमीन वारसांची. आपल्या कायद्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही, सर्व मुलांचा वाटा सारखा. आम्हांला हा नियम न्याय्य वाटतो आणि त्याला आमची मुळीच हरकत नाही. पण मग फ्लाकला दिलेली ननंद, परदेशी गेलेला दीर, या सर्वांचा त्या जमिनीत हक्क आहे, आणि जमिनीत म्हणजे वरच्या मजल्यातही. ननंद काही वाईट नसते. ती आपला हक्क मागते, आणि तिच्याही घरी मुलांच्या शिक्षणाचा खर्च असतो. सून म्हणते, मी पंधरा वर्षे पगार ओतला. दोघीही खऱ्या. कागद नसल्यामुळे दोन खऱ्या बायका एकमेकींच्या वैरिणी होतात आणि गणपतीला एकत्र येणारे घर दोन गणपती आणू लागते. अशी घरे आम्ही पाहिली आहेत. तुम्हीही पाहिली असतील.

कुणी म्हणेल, सासऱ्यांनी जमिनीचा तुकडा मुलाच्या नावे करून दिला की झाले. झाले, पण अर्धेच. बापाने एकट्या मुलाला बक्षीस दिलेली जमीन ही त्याची स्वतःची, लग्नाच्या सामाईक मालमत्तेतली नव्हे. घर जमिनीच्या मागे जाते. म्हणजे सुनेने घातलेल्या पैशाचा हिशेब, पावत्या असल्या तर, तिला कधी काळी मागता येईल. पण घर माझेही आहे असे तिला सहज म्हणता येणार नाही. लग्नाच्या वेळी सिव्हिल ऑफिसात मालमत्ता सामाईक हवी की वेगळी, हे विचारले जाते. आपल्या मुली मेंदीचे हात सांभाळीत, पाहुण्यांकडे पाहात, कुणीतरी बोट दाखवील तेथे सही करतात. साडी निवडायला तीन शनिवार जातात, आणि हा निर्णय तीन मिनिटांत होतो.

हे आजचेच आहे काय? नाही. आपले पूर्वज मुंबई बंदरातून जहाजात बसून येथे आले, पोर्ट लुईच्या घाटाच्या पायऱ्या चढले आणि उसाच्या मळ्यांत राबले. त्यांच्यात बायकाही होत्या. पुढे मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकायला काढले तेव्हा गावोगावच्या आपल्या माणसांनी ते विकत घेतले. घरोघरी एक गोष्ट सांगितली जाते, पणजीने अंगावरचे डाग काढून दिले म्हणून हे शेत झाले. आपण ती अभिमानाने सांगतो. पण त्याच शेताचा जुना कागद काढून पाहा. पणजीचे नाव त्यावर क्वचितच सापडेल. त्या काळी नुसत्या धार्मिक विधीने लागलेले लग्नही नागरी नोंदीवाचून कायद्याला दिसत नसे, मग दागिन्यांचा हिशेब कोण ठेवणार?

त्यानंतर काळ बदलला, आणि तो सहीनेच बदलला हे ध्यानात घ्यावे. १९४८ च्या निवडणुकीत ज्यांना लिहिता वाचता येत होते अशा स्त्रीपुरुषांना मताचा अधिकार मिळाला. पंडित बासदेव बिसूनदयाळ यांच्या चळवळीने तेव्हा गावागावांतील बैठकांत दिव्याच्या उजेडात लोकांना आपले नाव लिहायला शिकविले. दिवसभर ऊस तोडलेल्या हातांनी लोकांनी पाटीवर अक्षरे गिरविली. मग १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले आणि आपल्या मुली कॉलेजात गेल्या. निर्यात-उद्योगांचा कायदा १९७० चा. १९८० नंतरच्या दशकात कापडाच्या कारखान्यांत कामगारांचा मोठा भाग बायकांचाच होता. आजच्या सुनांच्या सासवा त्याच पिढीतल्या. पगाराचे पाकीट घरी आणायचे आणि न उघडता हातावर ठेवायचे, असे त्यांच्यातील कितीजणींनी केले. त्याच दशकाच्या आरंभी विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या अधिकाराखाली ठेवणारी जुनी कलमे कायद्यातून गेली. कायदा पुढे गेला. आपली रीत मात्र अजून पायरीवर बसून आहे.

आमच्या या बोलण्यावर वडीलधारी मंडळी काय म्हणतील ते आम्ही जाणतो. “घरात कागद आला म्हणजे विश्वास गेला.” आम्ही नम्रपणे विचारतो, बँकेत खाते उघडताना आपण सही करतो तेव्हा बँकेवर अविश्वास दाखवितो काय? विमा काढतो तेव्हा मरणाची इच्छा धरतो काय? कागद हा भांडणासाठी नसतो. भांडण होऊ नये यासाठी असतो, आणि तो प्रेम असताना करावा लागतो. प्रेम आटल्यावर कुणीही सही करीत नाही. दुसरी शंका अशी की, उद्या नवराबायकोचे पटले नाही तर बापजाद्यांची जमीन परक्याच्या हाती जाईल. ही भीती खोटी नाही, ज्यांनी घाम गाळून जमीन केली त्यांना ती वाटणारच. पण तिला उपाय नोतेरच्या टेबलावर आहेत. खालचा भाग आईबापांना तहहयात, वरचा दोघांचा, ननंदेला तिच्या वाट्याबद्दल योग्य रक्कम, असे अनेक मार्ग तो सांगू शकतो. ज्या सुनेच्या पैशावर आपला विश्वास बसतो तिच्या नावावर तो का बसू नये?

आमच्या तरुण भगिनींनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. दोष केवळ सासरचा नाही. “ते सगळे हेच पाहतात, मला काय कळते,” असे म्हणणारी मुलगी ऑफिसात लाखोंचे हिशेब जुळविते आणि घरी येऊन स्वतःच्या घामाचा हिशेब ठेवीत नाही, हे आम्हांला समजत नाही. सिमेंटच्या, लोखंडाच्या, खिडक्यांच्या पावत्या एका पाकिटात ठेवा. पैसे रोख देण्यापेक्षा खात्यातून द्या. वर वीट चढण्यापूर्वी नवऱ्याशी बोला, मग दोघे मिळून सासूसासऱ्यांशी बोला, आणि ननंदेला वगळू नका. लक्षात ठेवा, तुम्हीही आपल्या माहेरी ननंदच आहात. तेथे भाऊ म्हणेल, ताई, येथे सही करून टाक, तुला काय कमी आहे. प्रेमाने वाटा सोडायचा असेल तर अवश्य सोडा, पण काय सोडीत आहोत हे वाचून सोडा.

आता तिच्या त्या तीन बोटांविषयी. बाळ केव्हा, हे त्या दोघांनी ठरवावे. १९६० च्या सुमारास आपल्या बेटावर एका बाईला सरासरी सहा मुले होत, तेव्हा लोकसंख्या फार वाढते म्हणून चिंता होती. आज सरासरी दोनाच्याही खाली आली आहे आणि माणसे कमी पडतील म्हणून चिंता आहे. देशाची चिंता वरखाली होत राहील, तिचा भार एका मुलीच्या पाठीवर टाकू नये. बाळंतपणाची भरपगारी रजा २०२४ मध्ये १४ आठवड्यांवरून १६ आठवडे झाली, बापाची रजाही वाढली. हे चांगले झाले. पण सोळा आठवड्यांनंतर बाळ कोण पाहणार, भात कोण टाकणार, हे कोणताही कायदा सांगत नाही, ते घरानेच ठरवायचे असते. आम्हांला विचाराल तर पेपर आधी. दोन पेपर म्हणजे काही महिन्यांच्या संध्याकाळी. तेवढ्या संध्याकाळी नवऱ्याने डाळ शिजवली तर डाळीला काही निराळी चव येणार नाही. आणि मजला? मजला थोडा थांबू शकतो. सळयांना वाट पाहायची सवय आहे.

त्या रात्री निघताना ती सून आम्हांला दारापर्यंत सोडायला आली. सासूबाईही मागे उभ्या होत्या. आमचे पायरीवरचे बोलणे त्यांनी ऐकले असावे, म्हणून आम्ही जरा संकोचलो. पण त्या माउली म्हणाल्या, “मी तेरा वर्षे कारखान्यात शिवण केले. खालच्या घराच्या निम्म्या विटा माझ्या आहेत. माझे नाव कुठे आहे ते मी कधी विचारले नाही. हिने विचारले तर मी रागावणार नाही.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “नोतेरकडे जाल तेव्हा मलाही न्या.”

आमचे सांगणे याहून अधिक नाही. येत्या वर्षी ज्यांच्या छतावर सळया वाट पाहात आहेत, त्यांनी गवंड्याला बोलाविण्यापूर्वी एकदा सगळ्यांनी मिळून नोतेरची पायरी चढावी. आणि जाताना घरातील सुनेला, मुलीला आणि सासूबाईंनाही बरोबर घ्यावे.