दबा धरून बसलेली कावीळ

ग्वाल्हेरचे नाव निघाले की कोकण-गोमंतकातील रसिकाला ख्याल आठवतो आणि कृष्णराव शंकर पंडितांचे नाव ओठांवर येते. त्याच शहरात ‘मांढरे की माता’ हे मराठी आडनाव मिरवणारे देवीचे स्थान आहे. ते ज्या टेकडीवर वसले आहे, तिला आता लोक ‘कॅन्सर पहाडी’ म्हणतात. कारण तेथे कर्करोगाचे रुग्णालय उभे आहे. जयारोग्य रुग्णालय आणि १९४६ साली सुरू झालेले गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयही याच शहरातले. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरीच्या माणसाला मोठ्या दुखण्यात ग्वाल्हेरचा आधार वाटतो, तसा सावंतवाडी आणि कारवारच्या माणसाला बांबोळीचा. आज आम्ही मांडत आहोत तो प्रश्न म्हणूनच जेवढा त्या पहाडीचा, तेवढाच आपल्याही दाराशी आलेला आहे.

प्रश्न हिपेटायटिस बी या काविळीचा आहे. ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ हे तिच्या तपासणीचे जुने नाव अनेक वाचकांच्या कानांवर असेल. हा शोध लावणाऱ्या ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. हा रोग रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवल्याने होत नाही. कित्येकांना तो होऊन गेल्याचा पत्ताही नसतो. प्रकृती ठणठणीत, कावीळ कधी झालीच नाही, असे सांगणाऱ्या माणसाच्या यकृतातील पेशींच्या केंद्रात या विषाणूचे बीज वर्षानुवर्षे पडून राहू शकते. शरीराची प्रतिकारशक्ती त्यावर पहारा ठेवते, एवढेच.

हा पहारा आपणच उठवला तर? कर्करोगावरची केमोथेरपी, रोपण केलेले मूत्रपिंड टिकावे म्हणून द्यावी लागणारी औषधे, संधिवातावरची नवी इंजेक्शने, दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतलेले स्टिरॉइड, ही सारी प्रतिकारशक्ती दडपतात. विषाणूला रान मोकळे मिळते आणि तो मुकाट्याने वाढतो. पुढे उपचार संपून शक्ती परत येऊ लागते, तेव्हा ती विषाणूने भरलेल्या यकृताच्या पेशींवर एकदम तुटून पडते. खरा घात अनेकदा या वेळी होतो. गाठ विरघळली म्हणून घरच्यांनी देवाला नारळ ठेवलेला असतो आणि रुग्णाचे डोळे पिवळे होतात. केमोथेरपी मध्येच थांबवावी लागते. कधी यकृतच निकामी होते.

रक्ताच्या काही कर्करोगांवर दिल्या जाणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधाबाबत हा धोका सर्वांत ठळक आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली त्याच्या माहितीपत्रकावर या धोक्याचा चौकटीतला इशारा छापावयास लावला. विषाणू रक्तात उघड सापडतो, अशांत हे औषध दिल्यावर दहांपैकी तीन ते सहा जणांत तो पुन्हा उसळू शकतो. ज्यांच्यात केवळ जुन्या संसर्गाची खूण उरली आहे, अशांतही हे प्रमाण दहांत एकाहून अधिक मानले जाते. म्हणून ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ नाही, एवढ्या अहवालावर निर्धास्त होणे बरोबर नव्हे. जुना संसर्ग दाखवणारी ‘कोअर अँटिबॉडी’ची दुसरी तपासणीही हवी. आमच्या समजुतीप्रमाणे गफलत होते ती येथेच.

लस आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे, आणि हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली ती देशातच बनवून सामान्यांच्या आवाक्यात आणली, ही अभिमानाची गोष्ट. परंतु बालकांच्या लसीकरणात ती देशभर पोहोचली २०११ साली. आज कर्करोगाच्या विभागात रांगेत बसलेला पन्नाशी-साठीचा माणूस तिच्या फार आधी जन्मलेला आहे. त्याच्या बालपणी एकच काचेची सिरिंज पाण्यात उकळून गावभर फिरत असे, आणि प्रत्येक वेळी ती पुरेशी उकळली जाई असे छातीठोकपणे कोण सांगेल? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे तीन कोटी लोक या विषाणूसह जगत होते. त्यांतील बहुतेकांना ते ठाऊक नाही.

संताप येतो तो याचा, की येथे उपाय अवघड नाही. केमोथेरपीच्या पहिल्या मात्रेआधी दोन रक्ततपासण्या करायच्या. दोष आढळला तर टेनोफोविर वा एन्टेकाविरची रोज एक गोळी सुरू करायची आणि कर्करोगाचे उपचार संपल्यावरही ती चालू ठेवायची. रिटुक्सिमॅबनंतर तर वर्ष-दीड वर्ष. एरवी लाखाच्या घरात जाणाऱ्या उपचारांत हा खर्च तो काय! शिवाय २८ जुलै २०१८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपेटायटिसची तपासणी व औषध विनामूल्य देण्याची सोय आहे. मात्र कर्करोगाचा विभाग एका इमारतीत आणि काविळीचा कार्यक्रम दुसरीत, अशी सरकारी घडण असली की दोहोंच्या मध्ये रुग्ण हरवतो.

लोकांच्या बाजूनेही काही सांगणे भाग आहे. कावीळ म्हटली की आमच्या किनाऱ्यावर प्रथम झाडपाल्याचे औषध आणि पथ्य आठवते. केमोथेरपी घेतलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा विलंब जीवघेणा ठरू शकतो. अहवालात दोष निघाला म्हणून घरात भांडी वेगळी करणे निव्वळ अज्ञान आहे. संधिवात वा दम्यासाठी गावोगाव मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड असण्याचा संभव मोठा. त्या घेत असल्याचे डॉक्टरांपासून लपवू नये. आणि बरे वाटू लागले म्हणून टेनोफोविर मनानेच बंद करणे हे तर पहारेकऱ्याला पुन्हा घरी पाठवण्यासारखे.

आमची मागणी नेमकी आहे. मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी, प्रतिकारशक्ती दडपणारे उपचार जेथे होतात त्या प्रत्येक सरकारी व खासगी रुग्णालयास या दोन तपासण्या बंधनकारक कराव्यात. त्यांचा निकाल केसपेपरच्या पहिल्या पानावर तारखेसह नोंदवावा, आणि गोळी केव्हा सुरू केली व कोणत्या महिन्यापर्यंत चालवायची, हे रुग्णाच्या हाती त्याच्या भाषेत लिहून द्यावे.