जोडकमाई कोणाची?

मुंबईत सायंकाळी कचेऱ्या सुटतात, परंतु अनेकांचा कामाचा दिवस तेथे संपत नाही. दिवसभर सुरक्षारक्षकाची वा दुकानातील मदतनिसाची नोकरी करून आलेला तरुण पाठीला पेटी अडकवतो, मोबाइलवरील ॲप उघडतो आणि मध्यरात्रीपर्यंत घरोघर जेवण पोहोचवीत फिरतो. या दुसऱ्या पाळीला ‘जोडकमाई’ असे गोंडस नाव मिळाले आहे. सवडीने काम करा आणि स्वतःचे मालक व्हा, हा या धंद्याचा प्रचार सुशिक्षित मध्यमवर्गालाही पटतो. म्हणूनच तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

जोडकमाईची गरज मुळात का भासते? पहिल्या नोकरीच्या पगारात घरभाडे, मुलांची फी आणि आजारपण भागत नाही म्हणून. पहिल्या मालकाने जे वेतन दिले नाही, त्याची भरपाई कामगार आपल्या झोपेतून करीत असतो. याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून १८९० साली रविवारची सुटी मिळवली. त्यांच्या शहरातील कामगार आज दोन पैसे अधिक मिळावेत म्हणून तोच रविवार विकतो आहे.

आणि हा ‘स्वतःचा मालक’ ठरवतो तरी काय? फेरीचा दर ॲप ठरवते, काम कोणाला द्यायचे तेही ॲपच ठरवते. ग्राहकाची तक्रार आली की ‘आयडी’ बंद होतो आणि दाद कोणाकडे मागावी हे कळत नाही. पेट्रोल, गाडीचा हप्ता, दुरुस्ती यांचा भार कामगारावर. हॉटेलच्या दारात ताटकळण्यात गेलेल्या वेळाचे मोल शून्य. अडलेल्या घराला या कमाईचा आधार वाटतो, हे खरेच आहे. परंतु गरजवंताने काम पत्करले, एवढ्याने त्याच्या अटी न्याय्य ठरत नाहीत.

नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मधील अशा कामगारांची संख्या ७७ लाख धरली असून २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल, असा अंदाज वर्तवला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांचे अस्तित्व मान्य केले आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी, अशी तरतूद केली. हे स्वागतार्ह आहे. परंतु त्याच संहितेची व्याख्या या कामगाराला पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेर ठेवते. कल्याणाची सोय झाली. वेतनाचा हक्क मात्र दाराबाहेरच राहिला.

एकच माणूस अनेक ॲपांसाठी राबतो, तेव्हा त्याचा मालक कोणाला म्हणावे, असा युक्तिवाद केला जातो. महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या बाजारपेठांत पाठीवर गोणी वाहणारा माथाडी आज एका व्यापाऱ्याकडे, तर उद्या दुसऱ्याकडे काम करी. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील संघर्षातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. कामगार व मालक दोघांची नोंदणी करणारी मंडळे स्थापन झाली. मजुरी मंडळामार्फत मिळू लागली आणि मजुरीवरील लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी व उपचारांची सोय झाली. मालक अनेक असले तरी जबाबदारी निश्चित करता येते, हे या कायद्याने सिद्ध केले. आज तर प्रत्येक फेरीची नोंद कंपनीच्याच यंत्रात असते. लेव्ही आकारणे त्या काळापेक्षा कितीतरी सोपे आहे.

राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये या कामगारांसाठी स्वतंत्र कायदे केले. माथाडी कायद्याचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राने तर त्यांच्या पुढे गेले पाहिजे. फेरीमागे लेव्ही, वाट पाहण्याच्या वेळेसह किमान मोबदला, आणि कारण दिल्याशिवाय व बाजू ऐकल्याशिवाय आयडी बंद न करण्याचे बंधन, एवढी तरी हमी कायद्याने दिली पाहिजे. त्याचबरोबर कामगार संघटनांनी पहिल्या पाळीच्या वेतनाचा लढाही सोडता कामा नये. आठ तासांच्या श्रमात घर चालत नाही, तोवर ही जोडकमाई कामगाराची नव्हे. त्याला अपुरे वेतन देणाऱ्यांचीच आहे.