बैठक आणि मचाण

मोटारींच्या बाजारात गेल्या पाव शतकात रुचीची जी पालट झाली, ती निव्वळ व्यापाराची बाब समजून सोडून देणे योग्य होणार नाही. श्रीमंत गिऱ्हाईक बसकी, लांबट, पाठीमागे सामानाची पेटी असलेली सेडान टाकून उंच व रुंद अंगाच्या एसयूव्हीकडे वळले आहे. ज्याला क्रॉसओव्हर म्हणतात, ते तर मोटारीच्याच सांगाड्यावर चढविलेले जीपचे सोंग होय. २०२३ साली जगात खपलेल्या मोटारींपैकी सुमारे ४८ टक्के एसयूव्ही होत्या. आपल्या देशात २०२४-२५ या वर्षी उंच व बहुकामी मिळून या वर्गाचा वाटा ६५ टक्क्यांच्या घरात गेला. एवढी मोठी पालट होते तेव्हा माणसांच्या मनातही काही हलले असले पाहिजे.

आपल्या इंदूर शहराला मोटारींचे वेड नवे नाही. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या दशकात ड्यूसेनबर्ग, बुगाटी अशा गाड्या खास बांधून आणविल्या. आज त्या परदेशच्या संग्राहकांचे भूषण झाल्या आहेत. त्या गाड्यांचा बांधा पाहावा. लांब नाक, उतरती पाठ आणि जमिनीलगतची बैठक. ऐश्वर्य दाखविण्यासाठी त्यांना उंच व्हावे लागले नाही. उंच गाडी त्या काळी कामाची गाडी होती. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जीप जोडावयास घेतली, ती जंगलखात्याच्या, बांधकामखात्याच्या आणि खाणीवरच्या साहेबांसाठी. जीपमधून कोणी लग्नाला जात नसे. मध्यमवर्गाच्या वाट्याला आली ती कुर्ल्याची फियाट, पुढची पद्मिनी. वजन नऊशे किलोच्या आसपास, आणि त्यात सहा माणसे व एक तंबोरा बसत असे.

मग हे उलटे कसे झाले? त्याचे मूळ अमेरिकेत आहे. १९७५च्या कायद्याने तेथे इंधनखर्चावर मर्यादा आल्या, पण 'हलका ट्रक' या वर्गासाठी त्या निराळ्या आणि सैल ठरल्या. कारखानदारांनी ट्रकच्या सांगाड्यावर गाद्या घातल्या आणि नफा मोजला. १९९७ साली लिंकनने व मर्सिडीजने, १९९९ साली बीएमडब्ल्यूने उंच गाडी बाजारात आणली. २०१८ साली रोल्स-रॉइससारखे घराणेही 'कलिनन' घेऊन त्याच रांगेत उभे राहिले, आणि त्याच वर्षी फोर्डने उत्तर अमेरिकेत सेडान बंद करण्याचे जाहीर केले. आज तेथे चार टनांहून जड विजेचा हमर हा मालवाहू ट्रक हौसेची गाडी म्हणून विकला जातो.

आपल्याकडे कराची अशी सवड नव्हती. सप्टेंबर २०२५ पर्यंत मोठ्या एसयूव्हीवर जीएसटी व अधिभार मिळून ५० टक्के, तर मोठ्या सेडानवर ४८ टक्के कर होता. आता दोहोंवर ४० टक्के आहे. म्हणजे अधिक कर भरून लोकांनी उंची विकत घेतली. तिची काही कारणे रास्त आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना बसक्या गाडीत वाकून शिरणे कठीण जाते. गतिरोधकांवर सेडानचे पोट घासते. ड्रायव्हर ठेवण्याचा काळ गेला, आणि जो स्वतः गाडी हाकतो त्याला दूरवरचे दिसावे असे वाटते. याला पुरावाही आहे. मागच्या आसनावर बसणारा धनिक अजून सेडानच घेतो. मर्सिडीजची भारतात सर्वांत खपलेली गाडी अनेक वर्षे लांब बांध्याची ई-क्लासच राहिली आहे.

ज्यांना उंचीची खरी गरज कोठे असते ते पाहावयाचे असेल, त्यांनी बालाघाट जिल्ह्यातील उकव्याचा रस्ता आठवावा. नागपूर-गोंदियाकडून कान्ह्याला निघालेली पुष्कळ मराठी मंडळी याच वाटेने जातात. बालाघाट सोडले की गांगुलपाऱ्याचा घाट, मग उकवा, पुढे बैहर आणि मुक्कीचे दार. उकव्याला 'मॉइल'ची मँगेनीजची खाण आहे. ज्या पोलादाच्या या गाड्या, त्याला चिवटपणा देणारी धातू ती हीच. खनिजाचा ट्रक उंच असतो, कारण त्याला ओझे वाहावयाचे असते. आणि त्याच रस्त्याच्या कडेने माणसे पायी व सायकलीवर चालतात: पाळी सुटलेले कामगार, बाजाराला निघालेल्या बाया, शाळेची मुले. शहरातून आलेली उंच गाडी त्यांच्यामधून भरधाव जाते आणि मुक्कीच्या दाराशी थांबते, कारण जंगलात फिरावयाचे ते नोंदलेल्या उघड्या जिप्सीतून. ज्या वनासाठी म्हणून ती घेतली, तेथे ती दाराबाहेरच उभी राहते. मग तिची उंची उरते ती फक्त वाटेवरच्या माणसांसाठी.

हे बोलणे भावनेचे नाही. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने २०२३ साली सुमारे १८ हजार अपघात तपासले. बॉनेट ४० इंचांहून उंच असेल, तर धडक बसलेला पादचारी दगावण्याचा संभव, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक, असे तिला आढळले. बसकी गाडी माणसाच्या पायाला लागते, उंच गाडी छातीला आणि डोक्याला. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर ३२,८२५ पादचारी मेले. ऑक्टोबर २०२३ पासून गाड्यांना सुरक्षेचे तारे देण्याची 'भारत एनकॅप' पद्धत सुरू झाली, ही चांगली गोष्ट आहे. परंतु ते तारे मुख्यतः आत बसलेल्यांच्या जिवाचे असतात.

आम्ही संगीताच्या परंपरेत वाढलेल्या शहरात राहतो, म्हणून एक साधी गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्याकडे मोठेपणाची जागा बैठक ही होती. गवई आणि जाणकार एकाच जाजमावर बसत. उस्ताद अमीर खाँ यांनी याच शहराच्या नावाने जी गायकी रूढ केली, तिचे वैभव मंद्र सप्तकात आणि विलंबित लयीत होते. मचाणही आपल्याला ठाऊक आहे, पण ते शिकारीसाठी. मचाणावर बसणाऱ्याला खालचे सर्व दिसते आणि खालच्याशी त्याचे काही नाते नसते. भर वस्तीत, राजवाड्याच्या बोळांतून मचाण चालविण्याचे प्रयोजन आम्हांस कळत नाही.

सरकारने काय करावे? पादचाऱ्याच्या जिवाचे गुण ताऱ्यांत स्पष्ट मोजावे. नगरपालिकांनी पॅरिसकडे पाहावे. तेथे फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरिकांनी कौल देऊन बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचे उभे करण्याचे शुल्क तिप्पट केले. परंतु निवड अखेर घराघरांत होते. ज्याला शेतावर, घाटात, खाणीवर जावे लागते त्याने उंच गाडी अवश्य घ्यावी. जो राजवाड्याहून पलासियाला जाणार आहे, त्याने पैसे देण्यापूर्वी एक करावे. बंद गाडीत चालकाच्या जागी बसावे, घरातल्या पाच वर्षांच्या मुलाला नाकासमोर उभे करण्यास सांगावे, आणि ते आपल्याला दिसते का, एवढे पाहावे.