धूर नसलेला तंबाखू आणि न जुळलेले हाड

पायाच्या अंगठ्याचा बुडाचा सांधा आकाराने लहान, परंतु कामाने मोठा आहे. चालताना टाच जमिनीवरून उचलली गेली की देहाचा भार याच सांध्यावरून पुढे सरकतो. तो झिजला, ताठरला किंवा अंगठा शेजारच्या बोटांवर कलून वाकडा झाला, की प्रत्येक पाऊल वेदनेचे होते. औषधे, इंजेक्शने आणि कडक तळाची पादत्राणे यांचा उपयोग संपल्यावर शल्यविशारद हा सांधा कायमचा बंद करण्याचा सल्ला देतात. दोन्ही हाडांच्या टोकांवरची झिजलेली कूर्चा खरवडून काढायची, ती टोके एकमेकांवर घट्ट बसवायची, प्लेट व स्क्रूंनी आवळायची आणि दोहोंचे मिळून एकच हाड होण्याची वाट पाहायची, असे या शस्त्रक्रियेचे स्वरूप आहे. हालचाल जाते, पण तिच्याबरोबर वेदनाही जाते.

ही शस्त्रक्रिया बहुतेकांना लाभते. अडीच हजारांहून अधिक पावलांवरील प्रसिद्ध अभ्यास एकत्र करून २०११ साली एक आढावा घेतला गेला. त्यात हाड न जुळण्याचे प्रमाण ५.४ टक्के आढळले आणि अशा न जुळलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांनाच त्याचा त्रास होत होता. आकडा लहान वाटतो. पण ज्याच्या वाट्याला तो येतो, त्याची प्लेट सैल होते, स्क्रू मोडतो, सूज ओसरत नाही आणि अखेर कमरेच्या किंवा टाचेच्या हाडाचा तुकडा काढून तेथे भरण्याची दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. पुन्हा कित्येक आठवडे पाय जपणे आले.

हाड का जुळत नाही? हाड जुळण्यासाठी स्वच्छ व एकमेकांना चिकटलेले पृष्ठभाग, स्थैर्य आणि रक्त या तीन गोष्टी लागतात. पहिल्या दोन शल्यविशारदाच्या हातात बऱ्याच अंशी असतात. फटीत हालचाल होत राहिली तर तेथे हाडाऐवजी तंतुमय ऊतक तयार होते, म्हणून प्लेट हवी. तिसरी गोष्ट मात्र रुग्ण स्वतःबरोबर घेऊन येतो. रक्तवाहिन्या आकुंचन पावलेल्या असतील, साखर अनियंत्रित असेल, ड जीवनसत्त्व कमी असेल, तर उत्तम बसवलेली प्लेटही केवळ धातूच राहते. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांना प्लेटइतकेच महत्त्व आहे, आणि त्यांतील एक प्रश्न आपल्याकडे चुकीच्या रीतीने विचारला जातो असे माझे स्पष्ट मत आहे.

तो प्रश्न आहे, ‘धूम्रपान करता का?’ पाश्चात्त्य वैद्यकीय ग्रंथांतून तो आपल्या अर्जांवर जसाच्या तसा आला. निकोटीन सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करते, धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवतो आणि हाड जुळण्यास विलंब होतो, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. प्रश्न शास्त्रशुद्ध आहे यात शंका नाही. परंतु २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात १०.७ टक्के प्रौढ तंबाखू ओढतात, तर २१.४ टक्के तो धुराविना घेतात. महाराष्ट्रात ओढणारे चार टक्क्यांच्या आसपास, तर चघळणारे किंवा दातांना लावणारे सुमारे २४ टक्के. स्त्रियांत ही दरी अधिकच रुंद आहे. ओढणाऱ्या स्त्रिया दीड टक्क्याच्या आसपास, पण धूरविरहित तंबाखू घेणारी स्त्री दर सहा जणींत एक. पायाच्या अंगठ्याचा वाकडेपणा स्त्रियांतच अधिक आढळतो, हे लक्षात घेतले म्हणजे चुकीच्या प्रश्नाची किंमत कोण मोजते ते समजते.

चेन्नईच्या दक्षिणेचे शोळिंगनल्लूर डोळ्यांसमोर आणावे. राजीव गांधी सालईवरील माहिती-तंत्रज्ञानाच्या या पट्ट्यात पुण्या-सोलापुराकडची मुलेही नोकरीला आहेत. मुलगा-सून तेथे स्थिरावली की गुडघ्याच्या, पायाच्या उपचारांसाठी आईला तिकडेच बोलावून घेतात, कारण सुटी मिळणे कठीण आणि विमा कंपनीचा. तपासणीच्या खोलीत डॉक्टर तमिळ-इंग्रजीत विचारतात, मुलगा मराठीत सांगतो. ‘धूम्रपान?’ हा शब्द आला की कोणता मुलगा आईकडे वळून विचारील, ‘आई, तू सिगरेट ओढतेस का?’ तो स्वतःच ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. उत्तर शब्दशः खरे असते. पण पिशवीच्या कप्प्यात मशेरीची डबी असते. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजून कुटलेली ही पूड महाराष्ट्र-गोव्यातील असंख्य बायका सकाळी दात घासण्यासाठी म्हणून लावू लागल्या आणि मग दिवसातून चार-पाच वेळा लावत राहिल्या. ती त्यांच्या लेखी व्यसन नव्हे, दंतमंजन आहे. मुलासमोर तिचा उल्लेख करण्याचे कारण नाही, आणि ज्या डॉक्टरांच्या भाषेत मशेरी हा शब्दच नाही, त्यांनी ती विचारावी कशी? कागदावर ‘तंबाखू: नाही’ अशी नोंद होते आणि शरीरात निकोटीन फिरत राहते.

येथे पुराव्याविषयी प्रामाणिक असले पाहिजे. मशेरीने हाड जुळत नाही, असे ठाम विधान करण्याइतका आधार नाही. उलट, स्वीडनमध्ये गुडघ्याखालच्या हाडावर शस्त्रक्रिया झालेल्या आणि ओठाखाली ओला तंबाखू ठेवणाऱ्या पुरुषांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात हाड जुळण्यास विलंब झालेला दिसला नाही. धुरातील विषारी वायू तेथे नसतात, हे त्याचे एक कारण असू शकते. मग हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. स्वीडनचा पुरुष आणि सोलापूरची पासष्टीची स्त्री, तिची साखर, तिचा आहार, तिची भाजलेली पूड यांत पुष्कळ अंतर आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच रुग्णांकडून मिळेल, आणि ते मिळण्याची पहिली अट म्हणजे नोंद. ज्या स्त्रीची नोंद ‘तंबाखू न घेणारी’ अशी झाली, तिचे हाड न जुळल्यास दोष प्लेटला, शल्यविशारदाला किंवा नशिबाला जातो. संशोधनाच्या तक्त्यात ती चुकीच्या रकान्यात बसते आणि रकानाच खोटा ठरतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. बाह्यरुग्ण विभागात एकेका रुग्णाला मोजकी मिनिटे मिळतात, हे खरे. पण ‘तोंडात, दातांना किंवा नाकात कोणत्याही रूपात तंबाखू घेता का? मशेरी, तपकीर, चुना-तंबाखू, गुटखा?’ एवढे विचारण्यास अर्धे मिनिट पुरते. संशय असल्यास कोटिनीन या निकोटीनच्या अवशेषाची रक्त-लघवी तपासणी करता येते. नातेवाइकांना क्षणभर बाहेर बसवले, तर उत्तर अधिक खरे येण्याची शक्यता वाढते.

तंबाखूइतकाच साखरेचा प्रश्न. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने चेन्नईच्याच मद्रास डायबिटीज रिसर्च फाउंडेशनने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात १०.१ कोटी मधुमेही, आणि सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. मधुमेहात हाड सावकाश जुळतेच, पण त्याहून घातक गोष्ट म्हणजे पायाची संवेदना मंदावते. ज्या वेदनेने रुग्णाला ‘पाय टेकवू नकोस’ असे बजावायचे, तीच मुकी होते. दुखत नाही म्हणून ती बाई तिसऱ्या आठवड्यात अनवाणी स्वयंपाकघरात उभी राहते, उकिडवी बसते, आणि उकिडवे बसताना सारा भार नेमका त्या अंगठ्यावर येतो. परदेशी सूचनापत्रात ‘टाचेवर भार देऊन कडक तळाच्या बुटात चाला’ असे असते. उकिडव्या बसण्याची, देशी पद्धतीच्या शौचालयाची मनाई आपल्या सूचनापत्रात, रुग्णाच्या भाषेत, ठळक असली पाहिजे.

शोळिंगनल्लूरच्या शेजारणी अशा वेळी प्रेमाने पिरंडैची चटणी आणून देतील. ही आपली हाडसांधी वेल. १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. के. एन. उडुपा यांनी प्राण्यांच्या मोडलेल्या हाडांवर तिचे प्रयोग केले होते आणि परिणाम उत्साहवर्धक होते. चटणी आनंदाने खावी. मात्र तिच्या भरवशावर मशेरी चालू ठेवू नये आणि एक्स-रे टाळू नये.

एक्स-रेचा मुद्दा शेवटचा, पण लहान नव्हे. टाके निघाले, सूज उतरली की आई परतीच्या गाडीत बसते. हाड जुळले की नाही याचा निर्णय पुढच्या महिन्यांत लागतो, आणि तेव्हा ती दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या डॉक्टरकडे असते किंवा कोणाकडेच नसते. शस्त्रक्रिया करणाऱ्याला तिचा शेवट कळत नाही. गुडघा व खुब्याच्या सांधेरोपणाची नोंदवही आपल्या देशात अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेने सुरू केली आहे. पावलाच्या शस्त्रक्रियांचीही तशी नोंद व्हावी, तीत धूरविरहित तंबाखूचा स्वतंत्र रकाना असावा, आणि रुग्णाने गावाहून पाठवलेला तिसऱ्या महिन्याचा एक्स-रे त्याच नोंदीला जोडला जावा, एवढी मागणी अवास्तव नाही. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही.

तोवर घरच्यांनी एक काम करावे. आईच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वी तिच्याशी एकांतात, न रागावता बोलावे. मशेरीची डबी लपवून ठेवण्याची गरज तिला वाटू नये. डॉक्टरांना ती गोष्ट मुलाने किंवा सुनेने स्वतःहून सांगावी आणि शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून तंबाखू सोडण्यास तिला साथ द्यावी. प्लेट कोणत्या कंपनीची, याची चौकशी आपण आवर्जून करतो. ती प्लेट ज्या हाडावर बसणार आहे, त्याची चौकशीही तितक्याच आवर्जून व्हायला हवी.